पऱ्यांची आवक-जावक

झुलालनानांच्या कादंबरीतल्या पऱ्या सकाळी पावणेदहाला हजर होतात. पंख झटकून खुंटीला टांगतात, हजेरीपटावर सही करतात आणि मुलांकडून आलेल्या इच्छांचा गठ्ठा सोडून वाचायला बसतात. सातही जणींची टेबलं ठरलेली आहेत. एक आवक बघते, एक छाननी करते, एक मुलाच्या घरी जाऊन इच्छा खरी आहे का याची पाहणी करते. सर्वांत थोरली परी शेवटी सही करते आणि मगच इच्छा पूर्ण होते.

हे पहिलं प्रकरण टाइप करताना मी वैतागून म्हणाले होते, "नाना, ही मुलांची गोष्ट आहे की कचेरीचं परिपत्रक?"

नाना शांतपणे म्हणाले, "परीनं बी हापीस ऱ्हास, दिपा. तठे बी नंबर लागस."

मी दिपमाला. पाचोऱ्यात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तोंडाची फटकळ म्हणून मी प्रसिद्ध आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. दिवसभर लोक माझ्यासमोर चुरगळलेले कागद टाकतात आणि "सरळ काढून द्या" म्हणतात. अशा माणसांशी गोड बोलायला देवानं वेगळी बाई घडवली असेल, मी ती नव्हे.

माझ्या दुकानासमोर लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली चाळीस वर्षं झुलालनानांचं टेबल आहे. नाना अर्जलेखक. रेशनकार्डाचा, वारस नोंदीचा, बांधावरून वाट मिळण्याचा, नावातली चूक दुरुस्त करण्याचा, असे तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांच्या हातचे आहेत. अक्षर मोत्यासारखं, आणि नाकावर माशी बसू देणार नाहीत असा स्वभाव.

त्यांचे दोन नियम होते. एका अर्जात एकच मागणी, हा पहिला. म्हातारी बाई येऊन घरकुल, निराधारांचा पगार, सून आणि शेजाऱ्याचा बोकड असं सगळं एका दमात सांगायला लागली, की नाना पेन खाली ठेवायचे. "माय, रडनं येगळं, मांगनं येगळं. तुले नेमकं काय पाहिजे ते सांग." कितीतरी माणसांना आपल्याला नेमकं काय हवंय ते सांगता यायचं नाही, हे मी माझ्या काउंटरवरून पाहिलं आहे. काही जण तर विचार करायला घरी जाऊन दुसऱ्या दिवशी यायचे.

दुसरा नियम सहीचा. अर्ज कितीही त्यांनी लिहिलेला असो, खाली ते कधी सही करायचे नाहीत. "आपला विश्वासू" लिहून त्याखाली पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे आणि कागद पुढं सरकवायचे. फुलीच्या जागी ज्याची मागणी त्यानं सही करायची, नाहीतर अंगठा द्यायचा. कोणी म्हणालं, "नाना, तुम्हीच करून टाका," तर नाना भडकायचे. लिहिणारा वेगळा, मागणारा वेगळा, असं त्यांचं म्हणणं.

ही फुलीची पद्धत मुळात नानांची नाही, त्यांच्या लेकीची आहे. नूतन सात वर्षांची असताना तिची आई गेली. घरी बघणारं कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती थेट लिंबाखाली यायची आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायची. मी तिच्याच वर्गातली. दुकान तेव्हा माझ्या वडिलांचं होतं, त्यामुळे मीही तिथंच असायची. कोर्ट फीची तिकिटं जिभेवर ओली करून चिकटवणं आणि सहीच्या जागी फुली मारणं ही नूतनची कामं. सत्तर वर्षांच्या आजोबांनाही ती बोट लावून दाखवायची, "सही आठे." अंगठेवाल्यांना तर त्यांचा हात धरून.

गिऱ्हाईक नसलं की नाना आम्हां दोघींना पऱ्यांची गोष्ट सांगायचे. आमच्याकडे नदीच्या डोहाशी साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या सात देवींना, हळदकुंकू वाहतात, म्हणून नानांच्या पऱ्याही सात आणि त्यांची कचेरी डोहाच्या तळाशी. रोज एक इच्छा यायची. कधी मंजूर व्हायची, कधी शेरा मारून परत. गोष्टीत तोच तोच पोरगा इच्छा मागायला आला की नूतन म्हणायची, "याचा कालच झाला, आता दुसऱ्याला येऊ द्या." तेवढ्या वयात तिला कचेरीची सगळी रीत कळली होती.

मोठी झाल्यावर ती नर्सिंग शिकली आणि धुळ्याला एका दवाखान्यात लागली. मी मात्र इथंच राहिले.

नऊ वर्षांपूर्वीचा तो सोमवार मला लख्ख आठवतो. टेबलापुढं पाच-सहा माणसं नंबर लावून उभी होती आणि त्यांत चौथी नूतन. बापाच्या घरी जाऊन बोलायच्या ऐवजी ती रांगेत का उभी राहिली, हे मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "घरी ते बाप असतात गं. टेबलावर ते सगळ्यांचं ऐकून घेतात."

तिचा नंबर आला. ती म्हणाली, "नाना, नोंदणी लग्नाची नोटीस द्यायची आहे. तो अर्ज लिहून द्या. मुलगा धुळ्याचा आहे, योगेंद्र. नरडाण्याला कंपनीत आहे. आपल्यातला नाही."

नानांनी पेन खाली ठेवलं. तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाले, "पुढचा नंबर."

मागच्या माणसाला सगळं कळलं होतं. तो जागचा हलला नाही. नानांनी पुन्हा म्हटलं, "पुढचा नंबर." नूतन रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. तिचा अर्ज मी भरून दिला. त्याबद्दल नाना सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. नूतनचं लग्न झालं, भूमिका नावाची मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत जायला लागली. मला सगळं फोनवर कळायचं. नाना कधी विचारायचे नाहीत. आठवड्यातून एकदा मात्र रस्ता ओलांडून यायचे आणि कागद चाळल्यासारखं करत म्हणायचे, "धुयाकडे पाऊस कसा शे म्हंतस?"

मी सांगायची, "पाऊस बरा आहे. आणि पोरीला ताप होता, तो उतरला." नाना मान हलवून जायचे. ऐन मे महिन्यातही ते धुळ्याचा पाऊस विचारायचे. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर नंतर राग यायला लागला, कारण पलीकडून नूतनही तसलीच. ती विचारायची, "लिंबाला पालवी आली का गं?" दोघांच्या मध्ये मी हवामान खातं होऊन बसले होते.

मग अर्ज मोबाइलवरून व्हायला लागले. नानांच्या टेबलापुढची रांग आटली. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ते दोन जाड वह्या घेऊन माझ्याकडे आले. वर लिहिलं होतं, 'पऱ्यांची आवक-जावक'. पुस्तक करायचं होतं. मोठं काही नाही, ऐंशी प्रती काढायच्या, पिना मारायच्या आणि तालुक्यातल्या शाळांना वाटायच्या.

मी कुरकुरत टाइप करायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यात गुंतले. गोष्ट फारच छान होती, हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही. त्यात रूपा नावाची सात वर्षांची पोर आहे. तिचे वडील झाडाखाली अर्ज लिहितात. पऱ्यांना पोरांचं गिचमीड अक्षर वाचता येत नाही, म्हणून गावातली पोरं आपल्या इच्छा रूपाकडून लिहून घेतात. एकाला आजीचे पडलेले दात परत हवे असतात. एकीला कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडायला नको असते. एका पोराला भर उन्हाळ्यात शेतातलं वांग्याचं भरीत हवं असतं, त्याचा अर्ज शेरा मारून परत येतो: "ऋतूविरुद्ध मागणी. हिवाळ्यात पुन्हा अर्ज करावा." भावाला नापास करा म्हणणाऱ्याला लिहिलेलं असतं, "दुसऱ्याच्या नुकसानीचा अर्ज या कार्यालयात घेतला जात नाही." माझी भाची पुनम दुकानात बसून ही पानं वाचायची आणि हसून लोळायची.

अकराव्या प्रकरणात रूपा स्वतःची इच्छा लिहायला वडिलांसमोर उभी राहते. वडील म्हणतात, "पुढचा नंबर." रूपा पऱ्यांबरोबर डोहाच्या तळाशी निघून जाते. एवढंच, चार ओळींत. आणि वहीची पुढची सगळी पानं कोरी.

मी वही घेऊन रस्ता ओलांडला. "नाना, पुढं?"

"पुढलं सुचत नही."

"वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज लिहिलेत आणि एका पोरीला घरी आणायचं सुचत नाही?"

"रूपानी मर्जी शे. ती वापस का बरं यी?"

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात म्हणाले, "नाना, तुम्हाला सुचत नाही असं नाही, तुम्ही धजत नाही. नऊ वर्षं मला पाऊस विचारताय. तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका दमात सांगा. इतरांना सांगायला लावता ना?"

बोलता येत नाही म्हणून रडणारी माणसं त्यांच्या टेबलापुढं मी पुष्कळ पाहिली होती. टेबलामागच्या माणसाचा तसा चेहरा पहिल्यांदा पाहिला. मी वही टेबलावर ठेवली, शेवट आल्याशिवाय छापणार नाही म्हणाले आणि परत आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी नाना आले. हातात एक कागद होता. "स्थळप्रत काढी दे," एवढंच म्हणाले. अर्ज पाठवण्याआधी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवायची, ही त्यांची जन्माची सवय. कागद मशीनमध्ये सरकवताना मी वाचला. वाचू नये हे कळत होतं, पण वाचला.

"प्रति, मा. नूतन योगेंद्र, धुळे. विषय: झालेली चूक पदरात घेणेबाबत. संदर्भ: आपला नऊ वर्षांपूर्वीचा तोंडी अर्ज.

महोदया, अर्ज करतो की, संदर्भातील दिवशी आपण नंबरात उभ्या राहून रीतसर मागणी केली असता, मी ती ऐकून न घेता पुढचा नंबर पुकारला. चाळीस वर्षांत मी दुसऱ्या कोणाचाही अर्ज नाकारलेला नाही. आपला नाकारला. लोक काय म्हणतील, हे कारण त्या वेळी होते. ते आता तपासून पाहिले असता टिकत नाही. तरी मला एकदा आपल्या घरी येऊ द्यावे, ही विनंती. सोबत: पुस्तकाची अकरा प्रकरणे (अपूर्ण). आपला विश्वासू."

"येऊ द्यावे" च्या पुढं "व नातीस पाहू द्यावे" असं लिहून नंतर एका रेघेनं खोडलं होतं. एका अर्जात एकच मागणी. मला ते खोडलेलं बघून इतकं भरून आलं, की बाकी काही दिसलंच नाही. वर कोपऱ्यात त्यांनी कोर्ट फीचं जुनं तिकीटही चिकटवलं होतं.

अर्ज आणि माझ्याकडची छापील पानं स्पीड पोस्टानं धुळ्याला गेली. मग नाना दिवस मोजायला लागले. पाऊस विचारणं बंद झालं. मला नूतनला फोन करून विचारायचा मोह व्हायचा, पण नानांनी मनाई केली होती. "तीस दिवसनी मुदत शे. तोवर इचारानं नही." तिकडून नूतनही त्या विषयावर अवाक्षर काढत नव्हती. लिंबाच्या पालवीचंही विचारायची नाही.

सव्विसाव्या दिवशी पाकीट आलं. नानांनी टेबलावरच फोडलं, आतला कागद अर्धा बाहेर काढला आणि तसाच आत सरकवला. मग उठून माझ्याकडे आले आणि स्टुलावर बसले. पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाले, "मूळ अर्ज वापस उना. नामंजूर."

त्यांच्या अनुभवात तसंच होतं. मंजूर झालेला अर्ज कचेरी ठेवून घेते. परत येतो तो फेटाळलेला. नानांचे दोन्ही हात गुडघ्यांवर पडले होते आणि ते एकदम खूप म्हातारे दिसत होते. मला नूतनचा भयंकर राग आला. एवढं लिहिल्यावर कोणी अर्ज परत पाठवतं का, या विचारानं मी कागद ओढून बाहेर काढला.

खाली लाल पेनानं लिहिलं होतं. नूतनचं अक्षर अगदी बापासारखं आहे.

"अर्ज वाचला. अर्जदाराची सही नाही. बिनसहीचा अर्ज विचारात घेता येत नाही. अर्जदाराने त्रुटीपूर्ततेसाठी येत्या रविवारी समक्ष हजर राहावे. खोडलेली मागणीही वाचण्यात आली आहे."

मी "आपला विश्वासू" च्या खाली पाहिलं. तिथं पेन्सिलीची बारीक फुली होती. नानांनी सवयीनं ती मारली होती आणि सवयीनंच कागद पुढं सरकवला होता. माझ्याही लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्या मशीनवर रोज बिनसहीचेच अर्ज येतात. लोक आधी प्रत काढतात, मग सही करतात. आता त्या फुलीवरून कोणीतरी जांभळ्या स्केचपेननं मोठी फुली मारली होती, तिच्याकडे बाण काढला होता आणि वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "सही आठे." त्याखाली, "भूमिका, इयत्ता दुसरी."

मी कागद नानांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चाळीस वरीस लोकेसले सांगं, सही आठे, सही आठे," ते म्हणाले. "मनीच सही ऱ्हायी गयी."

मग ते रडले. मीही रडले. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेला एक माणूस आमच्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला दहा मिनिटांनी यायला सांगितलं.

रविवारी सकाळी मी त्यांना पारोळ्यावरून जाणाऱ्या धुळ्याच्या गाडीत बसवायला गेले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पिशवीत केळीच्या वेफर्सचा पुडा आणि खिशात तो अर्ज. मी म्हणाले, "नाना, इथंच सही करून टाका ना. पुन्हा विसराल."

"समक्ष म्हंजे समक्ष," नाना म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

संध्याकाळी नूतनचा फोन आला. ती म्हणाली, "दाराबाहेर चपला काढून उभे राहिले गं. मी या म्हणायच्या आत खिशातून कागद काढला, चौकटीला टेकवला आणि सही केली. सही वाकडी आली. मग कागद माझ्यापुढं धरून मान खाली घालून उभे. लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचे ना, तसे."

"मग तू काय म्हणालीस?"

"नऊ वर्षं मनात काय काय जुळवून ठेवलं होतं, दिपा. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. एवढंच म्हणाले, नाना, तुमना नंबर लागना. घरमा या."

सोमवारी नानांचं टेबल रिकामं होतं. एक-दोघांनी मला विचारलं, नाना कुठं गेले. मी सांगितलं, धुळ्याला गेलेत, त्रुटीपूर्ततेला. ते बुधवारीही आले नाहीत.

गुरुवारी माझ्या मोबाइलवर नूतननं वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. बारावं प्रकरण. नानांनी सांगितलं होतं आणि भूमिकानं तिच्या अक्षरात लिहून घेतलं होतं. खाली दोघांच्या सह्या होत्या. प्रकरण फार लहान आहे. मी त्यात काहीही न बदलता ते टाइप केलं आणि ऐंशी प्रती काढल्या.

"रूपाचे वडील डोहावर गेले. त्यांनी अर्ज दिला. थोरल्या परीने विचारले, सही कुठे आहे? वडिलांनी सही केली. रूपा वर आली. मग सगळे घरी जाऊन जेवायला बसले. हिवाळा होता म्हणून भरीत होते."